सत्तावीस गोळ्या

१

शनिवारी सकाळी चारबोर तांड्याच्या विहिरीजवळ सोनीबाई राठोड बसलेल्या आढळल्या, तेव्हा त्या हवेतला कापूस वेचत होत्या. समोर झाड नव्हते, बोंड नव्हते. तरी बोटे वेचणीच्या सवयीने चालत होती आणि हाती न लागलेले ते काहीतरी त्या ओटीत टाकत होत्या. जीभ टाळूला चिकटली होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या. अंग तापले होते, पण घामाचा थेंब नव्हता. मुलगा बादल याने ‘याडी’ म्हणून तीनदा हाक मारली. आईने त्याला ओळखले नाही.

घाटंजीमार्गे जीप करून त्यांना पांढरकवड्याजवळच्या महामार्गालगत असलेल्या, एका संस्थेच्या वीस खाटांच्या रुग्णालयात आणण्यात आले. तेथील मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुरभी मानकर यांच्याकडे सोनीबाईंवर दहा महिन्यांपासून नैराश्याचे उपचार चालू होते. हृदयाची लय बिघडलेली पाहून डॉक्टरांनी गोळ्या तत्काळ बंद केल्या आणि रक्ताचा नमुना नागपूरला धाडला. सोमवारी अहवाल आला. नैराश्यावरील औषधाचे रक्तातील प्रमाण अपेक्षेच्या चौपट होते.

डॉक्टर बादलशी एकच वाक्य बोलल्या : रोजच्या तीन गोळ्यांनी एवढे औषध चढत नाही.

ते वाक्य तांड्यात पोचेपर्यंत त्याचा अर्थ पक्का झाला होता. गोळ्या देण्याचे काम सुनेकडे होते. म्हणजे राखीनेच सासूला जास्तीच्या गोळ्या चारल्या. हे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने बोलली ती सोनीबाईंची थोरली बहीण गंगी.

तांड्याचे मुखिया, नायक भावसिंग यांनी शुक्रवारी संध्याकाळी बैठक ठरवली. राखीचा भाऊ अमरसिंग याला जीप घेऊन यायला सांगण्यात आले. राखीने माहेरी जायचे, चार वर्षांची मुलगी बापाजवळ ठेवायची, आणि शनिवारी बादलने पोलीस ठाण्यात तक्रार द्यायची, असे बैठकीपूर्वीच जवळजवळ ठरून गेले होते.

बुधवारी सकाळी डॉ. मानकरांनी रामराव भोयरांना फोन केला. आपल्या तोंडून निघालेल्या एका वाक्याने एका बाईचे घर मोडते आहे, आणि ते वाक्य खरे आहे की नाही याची आता आपल्यालाच खात्री वाटत नाही, असे त्या म्हणाल्या.

२

रामराव भोयर हे त्याच रुग्णालयात चौतीस वर्षे औषधनिर्माते होते. तंत्रनिकेतनातून पदविका घेतलेला हा माणूस निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढण्याची त्यांची सवय सुटली नव्हती. डावीकडे पाहिलेले, उजवीकडे ऐकलेले.

त्यांच्या जागेवर आलेला कपिल औषधखिडकीत घाबरून उभा होता. त्याला दुसरीच भीती होती. आपण पंचवीस मिलिग्रॅमऐवजी भलत्याच ताकदीची पाकिटे तर दिली नाहीत?

“काकाजी, माही झोप उडाली हो,” तो म्हणाला. “सून सुटली तं मी अडकतो.”

 बादलने जमा केलेला गोळ्यांचा पत्र्याचा डबा रामरावांनी उघडला. पाकिटांवर औषधाचे नाव नॉरट्रिप्टिलीन, ताकद पंचवीस मिलिग्रॅम. प्रत्येक पाकीट त्यांनी उजेडात धरून वाचले. चूक नव्हती. कपिल मोकळा झाला.

पुढचा हिशोब सरळ होता. उपचार सुरू झाल्यापासून सोनीबाईंना रोज एक गोळी होती. त्या एका गोळीने उदासी पूर्ण हटेना, म्हणून डॉक्टरांनी तीन आठवड्यांपूर्वी ती तीनवर नेली आणि नव्वद गोळ्या दिल्या. एकवीस संध्याकाळी, दर संध्याकाळी तीन, म्हणजे त्रेसष्ट गोळ्या. डब्यात सत्तावीस उरायला हव्यात.

रामरावांनी दोनदा मोजल्या. सत्तावीसच होत्या.

कपिल म्हणाला, दुसऱ्या दुकानातून आणल्या असतील. ते अशक्य नव्हते. रामरावांनी डाव्या रकान्यात आकडा लिहिला आणि खाली एक प्रश्न लिहिला : गोळी एकही जास्त नाही, तर औषध आले कोठून?

३

गुरुवारी सकाळी राखी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर जेवणाचा डबा घेऊन बसलेली सापडली. गेले पाच दिवस ती बसने येत होती. सोमवारपासून तिला आत सोडत नव्हते आणि डबाही आत जात नव्हता.

रामराव तिच्याशेजारी दगडावर टेकले आणि आपण कोण ते सांगितले. तिने पदर सावरला, पण रडली नाही. मुलगी कोठे आहे असे त्यांनी विचारले. शेजारणीकडे, असे ती म्हणाली. शनिवारपासून पोर कुणाकडे राहणार हे मात्र तिने त्यांनाच विचारले.

मग त्यांनी एकेक प्रश्न घेतला. सासूबाई आणखी कोणते औषध घेत होत्या का? गुडघ्याला बाम, बाकी काही नाही. कोणाची जडीबुटी? नाही. गोळ्या कधी आणि कशा दिल्या जात?

“सांजची भाकर झाली का हातावर ठेवो. गिळेपर्यंत उभी राहो. तीन म्हणजे तीन, जी.”

“त्रास केव्हापासून दिसला?”

 असा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता.

“एका गोळीवर व्हती तवाही तोंड सुकून राहे. दिवसाचे दोन मडके पाणी लागे. तीन झाल्या अन् लघवी अडाले लागली. मंग म्हणे, भिंतीवर मुंग्या चढून राह्यल्या. मुंग्या नव्हत्या.”

“हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं?”

“सांगाले आलतो मी. गंगीमावशी दारातच म्हणे, पाहा, सून सासूच्या गोळ्या बंद कराले निंगाली. मंग मागं फिरलो.”

रामरावांनी हे उजव्या रकान्यात लिहिले. त्यांनी त्याखाली दोन वेळा रेघ ओढली. विष घालणारी बाई गोळ्या बंद करा म्हणून सांगायला येत नाही. अर्थात हा पुरावा नव्हे. नायकासमोर तर मुळीच नव्हे.

४

वॉर्डात सोनीबाई शुद्धीवर होत्या. चेहरा ओढलेला, हात सुतळीसारखे, पण आता त्या माणसे ओळखत होत्या. सलाइनची बाटली बदलायला आलेली परिचारिका स्टूल शोधत होती. खाटेजवळ उभ्या असलेल्या गंगीने ती बाटली तिच्या हातातून घेतली आणि टाचा न उचलता वरच्या आकड्याला अडकवून दिली.

रामरावांनी रामराम केला. गंगीने त्यांच्या वहीकडे पाहिले.

“तुमी गोळ्या मोजून राह्यले म्हणे काकाजी. म्या माणसं मोजली. घरात तिघं. बादल शेतात राहते, बहीण माही बिमार. उरली कोण?”

आपली बहीण कशी खंगत गेली हे ती बराच वेळ सांगत राहिली. दोघींची लग्ने वेगवेगळ्या तांड्यांत झाली, तरी आठ दिवसांत भेट चुकली नाही. सोनीला काटा रुतला तर आपल्याला दुखते. दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला आपणच सोबत होतो. ती सून एकदाही आत आली नाही. हे शेवटचे वाक्य सोनीबाईंनी ऐकले. त्यांनी मान किंचित हलवली, पण बहिणीपुढे बोलण्याची त्यांची रीत नसावी.

दुपारी डॉ. मानकरांनी सुटीचा कागद तयार केला. हृदयाची लय पूर्ववत झाली होती, मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक होत्या. औषध तोडले तर उदासी पुन्हा उसळेल, म्हणून शुक्रवार संध्याकाळपासून पूर्वीच्याच तीन गोळ्या सुरू करायच्या. मात्र त्या गंगीने द्यायच्या.

रामरावांनी तीनच का असे विचारले. काही माणसांच्या शरीरात हे औषध सावकाश मोडते, त्यांना एवढी मात्रा झेपत नाही, हे त्यांनी आपल्या नोकरीतच वाचले होते.

“त्याची तपासणी झाली आहे, रामरावजी,” डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागद काढला. श्रावणात रुग्णालयात शिबिर झाले होते. नागपूरच्या एका प्रयोगशाळेच्या माणसांनी जुन्या रुग्णांचे रक्त घेऊन जनुकांची तपासणी केली होती. यकृतात एक विकर असते; हे औषध मोडण्याचे काम त्याचे. ते विकर किती काम करणार हे आईबापांकडून आलेल्या जनुकांवर ठरते. सोनीबाईंच्या अहवालात स्पष्ट लिहिले होते : गती सामान्य.

“हा कागद हातात आला म्हणूनच मी एकच्या तीन केल्या. नाहीतर धाडस केलं नसतं.”

दार बंद झाले होते. शरीर निर्दोष, गोळ्यांची ताकद बरोबर, आणि संख्या चोख. मग उरत होती ती फक्त राखी.

रामराव उठले. जाताना त्यांनी एवढेच विचारले की मंगळवारी पुन्हा रक्त पाठवले होते, त्याचा निकाल केव्हा येणार.

५

तो शुक्रवारी दुपारी साडेतीनला आला.

डॉक्टरांनी आकडा वाचला आणि यंत्राची चूक असेल म्हणून कागद बाजूला ठेवला. रामरावांनी तो उचलला. शनिवारपासून मंगळवारपर्यंत सोनीबाईंच्या पोटात एकही गोळी गेली नव्हती. तीन पूर्ण दिवस. तरीही रक्तातील औषध निम्म्यावरसुद्धा आले नव्हते.

“मॅडम, टाकी भरून वाहते आहे,” रामराव सावकाश म्हणाले. “कारणं दोनच. वरून पाणी जास्त सोडलं, नाहीतर खालची तोटी चोंदली. नुसती भरलेली टाकी पाहून ते कळत नाही. पण वरचा नळ बंद करा आणि पाणी किती वेगानं उतरतं ते मोजा. आपण शनिवारी नळ बंद केला.”

डॉक्टरांनी कागद परत ओढून घेतला. सामान्य गतीच्या शरीरातून हे औषध तीन दिवसांत जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा उरेपर्यंत निघून जायला हवे होते. हे त्या जाणत होत्या. पण जास्त गोळ्या दिल्या या समजुतीने त्यांनी आकड्याकडे त्या नजरेने पाहिलेच नव्हते.

“म्हणजे त्या सावकाश गतीच्या आहेत. रोज तीन गोळ्या जात होत्या आणि आदल्या दिवसाचं औषध निघत नव्हतं. एकवीस दिवस थरावर थर.” त्यांनी शिबिराचा अहवाल पुढे ओढला. “पण जनुक तपासणी सामान्य म्हणते. रक्त खोटं कसं बोलेल?”

“रक्त खोटं बोलत नाही. ते कोणाचं आहे, एवढंच विचारायचं राहिलं.”

रामरावांनी शिबिराचा अर्ज मागितला. नाव सोनीबाई राठोड. वय बरोबर. वजन चौसष्ट किलो. उंची एकशे एकसष्ट सेंटिमीटर. मग त्यांनी दाखल करताना भरलेला तक्ता शेजारी ठेवला. वजन त्रेचाळीस. उंची एकशे सत्तेचाळीस.

वजन आजाराने उतरते, डॉक्टर म्हणाल्या.

“उतरतं. उंची उतरत नाही. आणि दोन आकडे एकाच बाजूला एवढे चुकले तर ती लिहिणाऱ्याची चूक नसते, ती दुसरी बाई असते.” रामरावांच्या डोळ्यांपुढे सलाइनची बाटली आणि टाचा न उचलता वर गेलेला हात आला. दवाखान्याच्या प्रत्येक फेरीला सोबत असणारी, सोनीबाईंपेक्षा बरीच उंच असलेली बाई एकच होती.

घड्याळात चार वाजून गेले होते. साडेसहाला बैठक. आणि कपिलने त्याच वेळी खिडकीतून एक गोष्ट सांगितली, जी तो सकाळी बादलकडून ऐकून आला होता. आजची पहिली मात्रा घरात द्यायची नव्हती. ती नायकासमोर, साऱ्या तांड्याच्या देखत द्यायची होती; म्हणजे चांगल्या हातातून दिलेल्या त्याच गोळ्या बाधत नाहीत हे सगळ्यांना दिसेल आणि राखीचा निकाल तेथेच लागेल.

डॉ. मानकरांनी बादलचा फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चारबोरच्या उतारावर फोन क्वचितच लागत असे. त्यांनी गोळ्या थांबवण्याचा आदेश कागदावर लिहिला, सही केली, शिक्का मारला. रक्तात अजून जुने औषध शिल्लक असताना वर तीन गोळ्या म्हणजे काय, हे बोलून दाखवण्याची कोणालाच गरज वाटली नाही.

कपिलने मोटारसायकल काढली आणि रामराव कागद घेऊन मागे बसले.

६

ते पोचले तेव्हा सेवालाल महाराजांच्या मंदिरापुढचा ओटा भरला होता. एका कडेला अमरसिंगची जीप उभी होती. मागच्या बाकावर राखीचे गाठोडे आणि त्याला टेकून राखी. तिची मुलगी बादलच्या मांडीवर होती. मध्ये सोनीबाई बसल्या होत्या. त्यांच्यासमोर गंगी उभी होती, उजव्या तळहातावर तीन गोळ्या, डाव्या हातात पाण्याचा पेला.

रामराव ओरडले नाहीत. ओरडले असते तर ते राखीच्या बाजूचे ठरले असते. त्यांनी चपला काढल्या, नायकाला रामराम केला आणि एक प्रश्न विचारण्याची परवानगी मागितली. भावसिंगांनी मान डोलावली.

“गंगीबाई, श्रावणात दवाखान्यात शिबिर झालं. त्या दिवशी रक्त कोणी दिलं?”

गंगीला प्रश्न फारच सोपा वाटला.

“म्या देल्लं. सोनी तीन दिवसांची उपाशी, पाय टेकवत नव्हती. तिच्यातलं अजून काहाडाचं? म्हटलं माहं घ्या, माह्यात लय हाय. नाव तिचं सांगतलं. एका मायच्या, एका बापाच्या आमी. रगत काय येगळं राह्यते?”

ओट्यावरच्या चारदोन म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. यात त्यांना गैर काही दिसले नाही. थोरलीने धाकटीसाठी करायचे ते केले.

रामराव तिच्याजवळ गेले. तिच्या ओढणीच्या काठाला मणी आणि कवड्या टाकल्या होत्या, त्यांकडे त्यांनी बोट दाखवले.

“समजा आईजवळ दोन मणी आहेत, एक चांगला, एक फुटका. बापाजवळही तसेच दोन. प्रत्येक लेकराला आईचा एक मिळतो, बापाचा एक. कोणता मिळेल ते कोणाच्या हातात नाही. तुम्हाला निदान एक तरी चांगला आला. सोनीबाईंना दोन्ही फुटके आले. मायबाप तेच, घर तेच. तुमचं शरीर हे औषध मोडतं, त्यांचं मोडत नाही. कागदावर तुमचं शरीर लिहून आलं आणि औषध त्यांना वाढवलं.”

मागून कोणीतरी म्हणाले की मग गोळ्या मावशीलेच द्या, तिले पचते. दोघेतिघे हसले. नायकाने त्यांच्याकडे पाहिले आणि हसणे थांबले.

गंगी हसली नव्हती. ती तळहातावरच्या गोळ्यांकडे पाहत होती.

“एकीच्या तीन… माह्या रगतानं झाल्या?”

“हो.”

“राखीनं दिल्या त्या?”

“डॉक्टरांनी लिहिल्या तेवढ्याच. एकही जास्त नाही. मी मोजल्या आहेत.” त्यांनी सही-शिक्क्याचा कागद नायकाच्या हातात दिला आणि सांगितले की सोनीबाईंचे स्वतःचे रक्त सोमवारी घेतले जाईल, उत्तर यायला तीन आठवडे लागतील, तोवर डॉक्टर सांगतील तेच आणि तेवढेच. “पण आत्ता या तीन दिल्या तर सोमवारपर्यंत रक्त घ्यायला त्या उरतील की नाही, हे मी सांगू शकत नाही.”

गंगीने हात खाली नेला. गोळ्या नायकापुढे ओट्यावर ठेवल्या, एकीशेजारी एक.  सोनीबाई पहिल्यांदाच बोलल्या. त्या बहिणीला रागावल्या नाहीत. राखी तं डॉक्टरले सांगून गोळ्या बंद करू म्हणे, एवढेच त्यांनी सगळ्यांना सांगितले.

 मग भावसिंगांनी कागद घडी करून खिशात ठेवला. राखीवर काही ठेवण्यासारखे नाही, बैठक संपली, असे ते म्हणाले. बादल मुलीला कडेवर घेऊन जीपकडे गेला आणि त्याने गाठोड्याला हात घातला.

“राहू दे,” राखी म्हणाली.

“आता काय झालं? नायकानं सांगतलं ना.”

“इथं सांगतलं.” ती बादलशी बोलत होती, पण आवाज ओट्यापर्यंत जाईल इतका होता. “माह्या बापाच्या तांड्यात पाच दिवसापासून मले जहर देणारी म्हणून राह्यले. माय चुलीपाशी बसून हाय, कोणाच्या दारात जात नाही. तिथं नायक जाते का सांगाले? तू जातं का? मी एकटी जाऊन म्हणीन, म्या नाही केलं, तं कोण मानन?”

बादलने गाठोडे सोडले.  अमरसिंगने जीपची चावी फिरवली.

तेव्हा गंगी ओट्यावरून उतरली. कोणाकडे न पाहता ती गर्दीतून चालत गेली. जीपच्या दारातून आत शिरायला तिला बरेच वाकावे लागले. ती राखीच्या शेजारी बसली, मधले गाठोडे उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि बादलकडे हात लांब केला.

“पोर दे इकडं.”

बादलने मुलगी दिली. राखीने तिला कुशीत घेतले. मावशीकडे मात्र पाहिले नाही. गंगीनेही पाहावे असा आग्रह धरला नाही. तिने पुढच्या बाकावर थाप मारली.

“चाल रे अमरसिंग. लोकं जेवून झोपाच्या आंधी पोचलं पाह्यजे. सगळे जागे असले पाह्यजेत.”